सुरुंगाची सहावी फेरी

सुरुंग कुठेही गेला की लोक आधी खुर्ची पुढे करतात. यात आदरबिदर काही नाही, बरं का. ही थट्टा आहे, आणि चांगली मुरलेली थट्टा आहे. न्हाव्याच्या दुकानात पाऊल टाकलं की न्हावी म्हणणार, "या, बसा सुरुंगशेठ, तुम्हाला काय, बसायची सवयच आहे!" दवाखान्यातला कंपाउंडर तेच म्हणणार, बँकेतला शिपाई तेच म्हणणार, आणि प्रत्येकाला वाटणार की हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. सुरुंग हसतो, मान हलवतो आणि उभाच राहतो. न्हाव्याकडे तर त्याने जाणंच सोडलंय. केस अगदी कानावर आले की बायको त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा करते आणि स्वतः पाटावर चढून कात्री चालवते.

सुरुंग हे त्याला एका वार्ताहराने दिलेलं नाव. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि टायरच्या गोदामावरच्या एका खोलीत बॉक्सिंग शिकत होता. शिकवणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ, दादा. दादाचं गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि स्वतः दादा ऐन तारुण्यात जेमतेम दोन-चार लढती खेळलेला होता. पण धाकट्याच्या उजव्या हातात काहीतरी आहे हे त्याने बरोबर ओळखलं. काहीतरी म्हणजे काय, तो हात बसला की समोरचा गेलाच! पहिली लढत पहिल्या फेरीत संपली. दुसरी पहिल्या फेरीत. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या पहिल्याच फेरीत. लोक तिकीट काढून यायचे, चपला सारून जरा ऐसपैस बसेपर्यंत लढत संपलेली असायची. वार्ताहरांनी तर कहरच केला. असा मुलगा पिढीत एखादाच होतो, हा देशाचं नाव काढणार, याच्या हाताचा विमा उतरवा, काय न् काय!

आता ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांना एवढंच सांगायला हवं की तीन मिनिटं मारामारी झाली की घंटा होते आणि मग मिनिटभर विश्रांती असते. त्या मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात येतो, त्याची माणसं दोरांतून एक स्टूल आत सरकवतात, तो बसतो, पाण्याची चूळ भरतो, कोणी तोंड पुसतं, कोणी दोन शब्द सांगतं. मग पुकारा होतो, 'कोपरे रिकामे करा', स्टूल बाहेर जातं आणि पुढची फेरी सुरू होते. साधी गोष्ट आहे.

दादाने हे स्टूल आणायचंच बंद केलं. आमच्या पोराला लागतंय कशाला, म्हणे! लढतीआधी तो कोपऱ्यात उभा राहून लोकांना रिकामे हात दाखवायचा, की बघा, आम्ही स्टूल आणलेलंच नाही. आणि लोक नुसते उसळायचे. शिट्ट्या काय, टाळ्या काय! सुरुंगालाही ते फार आवडायचं. एकोणिसाव्या वर्षी कोणाला आवडणार नाही? सरावातसुद्धा दादा त्याला विश्रांतीला बसू द्यायचा नाही. तीन मिनिटं झाली की सराव बंद, चहा. दुसरी फेरी नावाची काही चीज असते हे त्या खोलीत कोणाच्या गावीही नव्हतं. दोघंही भाऊ शहाणे होते, पण या एका बाबतीत दोघांची अक्कल गहाण पडली होती.

मग ती मोठी लढत आली. जिंकणारा थेट राष्ट्रीय सामन्यात जाणार होता. समोर होता नळदुरुस्तीचं काम करणारा एक टक्कल पडलेला, गप्प माणूस. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्याचं पोटही जरा सुटलेलं होतं. दादाने नेहमीसारखे रिकामे हात दाखवले, लोक उसळले, घंटा झाली. सुरुंगाने उजवा हात घातला. नळवाला नुसता हं म्हणाला. सुरुंगाने परत घातला. नळवाला परत हं म्हणाला आणि उभाच राहिला. तीन मिनिटं तो माणूस हातांच्या आडून शांतपणे बघत राहिला. मग घंटा वाजली.

सुरुंगाला कळेचना की आता काय करायचं. तो रिंगच्या मधोमध उभा. शेवटी पंचांनी त्याच्या दंडाला धरून त्याचा कोपरा दाखवला. कोपऱ्यात दादा, हातात पाण्याची बाटली, तोंड पांढरं पडलेलं, आणि स्टूल नाही! दादाची नुसती तारांबळ उडाली. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पहिल्या रांगेतली सभागृहाच्या व्यवस्थापकाची खुर्ची ओढून रिंगमध्ये चढवली. हाताची, पाठीची, मऊ गादीची खुर्ची. सुरुंग तिच्यात बसला.

आणि त्याला बरं वाटलं. खरी गोष्ट एवढीच आहे. फार बरं वाटलं. पाठ टेकली, हात दोन्ही बाजूंना विसावले, पाय लांब झाले, पोटऱ्यांतून सगळा जोर उतरून गेला. त्याला लागलं नव्हतं, चक्कर नव्हती, कुठे रक्त नव्हतं. पुकारा झाला, दादा म्हणाला, "ऊठ." तो उठला नाही. दादाने बगलेत हात घातला. तो जड झाला. दादा रडकुंडीला आला, "अरे ऊठ ना, धाकट्या, लोक बघतायत!" नळवाला समोर हात खाली सोडून उभा होता, त्यालाही अवघडल्यासारखं झालं. पंचांनी हात हलवून लढत संपवली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खुर्चीत पसरलेला सुरुंग, आणि मागे तिची दांडी धरून दादा. आठ दिवसांपूर्वी देशाचं नाव काढणारा मुलगा तो हाच.

त्यानंतरही तो लढला, पण ते कशाला सांगायचं? आयोजक त्याला बोलवायचे ते कार्यक्रम भरायला. तिसऱ्या फेरीत पडायचा, चौथीत पडायचा, कधी दादाच हार मानून टॉवेल आत फेकायचा. जिंकला तो पहिल्या फेरीत, हरला तो मध्येच कुठेतरी. शेवटची घंटा त्याने स्वतःच्या लढतीत कधी ऐकलीच नाही. पुढे बोलावणी थांबली, टायरवरची खोली कोणीतरी चष्म्याच्या दुकानाला दिली, आणि सुरुंग दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात लागला.

तिथे त्याचं बस्तान बसलं, हे मात्र खरं. पिळणी यंत्रावर त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. ओल्या चादरींचा एक घाणा म्हणजे मरणाचं वजन, तो एका दमात उचलून यंत्रात टाकतो. बायको त्याला तिथेच भेटली. ती गरम रुळावर असते. चादरीची दोन टोकं पकडून रुळात सोडायची, पलीकडून कडक इस्त्रीची बाहेर काढायची, असं दिवसभर. तिचे हात लाल आणि जीभ तिखट. लग्नाआधी कोणीतरी तिला तो फोटो आणून दाखवला होता. तिने बघितला आणि म्हणाली, "दमला असेल." तिथेच सुरुंगाने ठरवलं की हिच्याशीच लग्न करायचं.

तर असा तो चाळिशीला टेकला होता. आणि एक दिवस कारखान्याच्या दारात आयोजक येऊन उभा राहिला.

आयोजकाकडे एक नवीन मुलगा होता. वीज म्हणायचे त्याला. वीस-एकवीस वर्षांचा, सगळे पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत झोपवलेले, पेपरात तेच जुने शब्द, पिढीत एखादाच वगैरे. "पोस्टरवर तुझं नाव पाहिजे," आयोजक म्हणाला. "कालचा सुरुंग, आजची वीज! लोक तुटून पडतील. तुला काही करायचं नाहीये. दोन फेऱ्या उभा राहा, मग पडलास तरी चालेल."

"किती फेऱ्यांची लढत?" सुरुंगाने विचारलं.

"सहा लिहू आपण. लिहायला काय जातंय!"

"मग सहा खेळणार."

आयोजक खो खो हसत सुटला. सुरुंगाला राग आला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. चाळिशी उलटली की डॉक्टर परवान्यावर सही करत नाहीत, म्हणजे ही शेवटची संधी. जिंकायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला एकदा, फक्त एकदा, प्रत्येक घंटेला आपल्या पायांवर उठायचं होतं आणि शेवटची घंटा उभ्याने ऐकायची होती. हे त्याला इतकं हवं होतं की दुपारभर त्याला यंत्राचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही.

घरी बायकोला सांगितलं तर तिने हातातलं लाटणं आपटलं. "वेड लागलंय का तुम्हाला? गुडघे बघा आपले! जिना चढताना कुरकुर करतात, ती खाली ऐकू येते."

"हो."

"तो पोरगा विशीतला. मारून टाकेल."

"मारू दे. पण मी उठणार."

तिने लाटणं उचलून बाजूला ठेवलं. भाजी फोडणीला टाकली, परतली, झाकण ठेवलं. मग म्हणाली, "कोपऱ्यात मी राहणार. नाहीतर नाव काढायचं नाही लढतीचं."

दादाचं मन वळवणं याहून अवघड गेलं. दादा आता पोक काढून चालतो, पण दुकान अजून चालवतो. सुरुंग जाऊन उभा राहिला तेव्हा तो एका बॅटरीचं झाकण उघडून आत डोकावत होता. सगळं ऐकून त्याने वरही बघितलं नाही. "नाही. मी नाही येणार. परत तमाशा बघायची ताकद नाही माझ्यात."

"दादा, या वेळी स्टूल तू आण."

दादाचा हात थांबला. इतक्या वर्षांत दोघं भाऊ हवापाण्यावर बोलले होते, आईच्या आजारपणावर बोलले होते, जुन्या घराच्या वाटणीवरून तर कडाकडा भांडले होते. पण खुर्चीचा विषय एकदाही निघाला नव्हता.

"ती खुर्ची मीच आत ओढली," दादा म्हणाला. "माझी अक्कल. मिरवायची हौस माझी."

"बसलो मी होतो ना?"

दादाने फडक्याने हात पुसले, परत पुसले, मग डोळेही त्याच फडक्याने पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्टूल घेऊन घरी हजर. जुन्या गाडीचे लोखंडी पाइप तोडून, जोडून, वर नुसती लाकडी फळी ठोकलेली. बायकोने त्यावर बसून बघितलं आणि ती लगेच उठली. "दादा, हे टोचतंय हो!"

"टोचायलाच पाहिजे," दादा म्हणाला.

मग सुरू झाला सराव. पहाटे धावणं, संध्याकाळी दादाच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाळूच्या पोत्यावर ठोसे. पण खरा सराव झाला कारखान्यात. पिळणी यंत्रात घाणा टाकला की ते गरगर फिरत असताना सुरुंग हातांनी हवेत ठोसे मारायचा. यंत्र थांबलं की स्टुलावर बसायचा आणि पलीकडून रुळावरून बायको मनातल्या मनात आकडे मोजत असायची. तिचे आकडे संपले की ती सगळ्या गडगडाटावर आवाज चढवून ओरडायची, "ऊठ!" एरवी ती त्याला अहोजाहो करते, पण या एका शब्दाला अहो लावला तर जोर जातो, असं तिचं म्हणणं.

पहिले काही दिवस लोकांनी मनसोक्त हसून घेतलं. मुकादम म्हणाला, "इथे बसायचा पगार मिळतो होय?" तरी सुरुंग बसायचा आणि उठायचा. कधी पोटऱ्यात गोळे आलेले, कधी गुडघ्यात कळ, एकदा तर उठता उठता तो तसाच चादरींच्या ढिगावर कोसळला. तिथून उठला, परत स्टुलावर जाऊन बसला आणि परत उठला. त्यानंतर हसणं हळूहळू बंद झालं. पुढे पुढे तर बायकोबरोबर रुळावरच्या बाकीच्या बायकाही ओरडायला लागल्या. मग धुलाईवाले, मग गाडीवर माल चढवणारे. सगळा कारखाना एका सुरात "ऊठ!" म्हणायचा आणि वाफेच्या ढगात तो आपला उठायचा. मुकादमाचा आवाज सगळ्यांत मोठा.

लढतीच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. लढतीआधी वजन करताना विजेने सुरुंगाला पहिल्यांदा नीट बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, जरा जपून हं." पोरगा वाईट नव्हता. त्याच्या माणसांनी मात्र नको तिथे डोकं चालवलं होतं. त्यांनी मोठा फलक करून आणला होता आणि त्यावर एका खुर्चीचं चित्र होतं. सभागृह हसून हसून लोळत होतं. सुरुंगाची बायको कोपऱ्यातल्या पायरीवर टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. तिने तो फलक बघितला, पदर खोचला आणि दादाला म्हणाली, "ते स्टूल इकडे द्या, मी सरकवते."

पहिली फेरी सुरू झाली तसा तो मुलगा तुटून पडला. खरंच वीज होता तो. ठोसा कुठून आला ते कळायचं नाही, लागल्यावरच समजायचं. सुरुंगाने हात गालांशी घट्ट धरले, हनुवटी छातीत रुतवली आणि सोसत राहिला. घंटा झाली. तो कोपऱ्यात आला, बसला. फळी टोचली. बायकोने चूळ भरायला पाणी दिलं, दादाने ओठ पुसला. पुकारा व्हायच्या आतच सुरुंग उठून उभा होता.

दुसऱ्यात भुवई फुटली. तिसऱ्यात बरगड्यांखाली एक असा बसला की तो गुडघ्यांवर आला. श्वास कुठेतरी हरवला. दहापर्यंत मोजणाऱ्या पंचांचे आकडे लांबून, पाण्याखालून यावेत तसे ऐकू येत होते. दादाने टॉवेल ओढायला हात घातला. बायकोने तो मुठीत आवळून धरला. तिचे डोळे भरून वाहत होते, पण मूठ सुटली नाही. सुरुंगाने एक पाय टेकला, मग दुसरा. उठला. उरलेली फेरी त्याने अक्षरशः त्या पोराच्या गळ्यात पडून काढली.

चौथ्या फेरीत मात्र त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पोरगा तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. ठोसे अजून झणझणीत होते, पण दोन ठोशांमध्ये आता जागा पडत होती. तो मधूनच आपल्या कोपऱ्याकडे बघत होता, आणि कोपऱ्यातली माणसं त्याला "संपव! संपव!" एवढंच ओरडत होती. सुरुंगाला त्या नजरेची चांगलीच ओळख होती. या पोरालाही कोणी इथपर्यंतचं शिकवलेलं नव्हतं.

पाचव्या फेरीत सुरुंगाने मारायला सुरुवात केली. पोटात, दंडावर, परत पोटात. लोकांचा आवाज बदलला. फलक खाली गेला. आणि फेरी संपता संपता त्याचा तो जुना उजवा हात सुटला आणि पोराच्या कानशिलाखाली बसला. पोराचे गुडघे हलले, तो दोरांवर गेला आणि तेवढ्यात घंटा झाली.

सुरुंग कोपऱ्यात बसला. सगळं अंग ठणकत होतं, एक डोळा मिटत चालला होता, पण आता एकच फेरी उरली होती. त्याने समोर बघितलं. पोरगा आपल्या स्टुलावर मागच्या खांबाला पाठ लावून पसरला होता. पाय लांब. हात मांड्यांवर उताणे. त्याचा शिक्षक खाली वाकून काहीतरी सांगत होता आणि पोरगा डावी-उजवीकडे मान हलवत होता. नाही. नाही. शिक्षकाने कात्री मागितली. हातमोजे कापायची कात्री.

दादाने ते बघितलं आणि त्याचा आवाजच फुटला. "धाकट्या! तो सोडतोय! बसून राहा, हलू नकोस! जिंकलास रे! जिंकलास!"

सुरुंग उठला. उठला तो कोपऱ्यात थांबलाच नाही, थेट रिंगच्या मध्यावर गेला. पंच आडवे आले, त्यांनी छातीवर हात ठेवून त्याला मागे रेटलं. "मागे हो! फेरी सुरू झालेली नाही!" त्यांच्या खांद्यावरून मान काढून सुरुंग ओरडला. आयुष्यात एवढ्या मोठ्याने तो कधी ओरडला नव्हता.

"ए पोरा! ऊठ!"

पोराने डोळे उघडले.

"लागलंय का कुठे? नाही ना? मग ऊठ! बरं वाटतंय ना तिथे? मला माहितीये किती बरं वाटतं! मी बसलो होतो असाच! अजून बसलेलोच आहे लेका, या गावात कोणालाही विचार! ऊठ!"

शिक्षक कात्री हातात घेऊन सुरुंगाकडे बघत राहिला. दादा दोर धरून उभा होता. "अरे, जिंकलेली लढत आहे," तो स्वतःशीच म्हणत होता, "जिंकलेली लढत..."

"माझी सहावी फेरी आहे ती!" सुरुंग ओरडला. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याची त्याला काहीच लाज वाटत नव्हती. "मला ती पाहिजे! तू नाही उठलास तर मी कोणाबरोबर खेळू? ऊठ!"

पुकारा झाला. कोपरे रिकामे करा. पंचांनी सुरुंगाला ताकीद देऊन मागे ढकललं आणि एक गुण कापल्याची खूण केली. त्याने ती धड बघितलीही नाही. तो त्या पोराच्या पायांकडे बघत होता. पाय जवळ आले. गुडघे दुमडले. हात मांड्यांवर दाबले गेले. शिक्षक काहीतरी म्हणाला, ते त्याने ऐकलं नाही, आणि पोरगा उभा राहिला. कोणीतरी मागून स्टूल ओढून घेतलं.

सहाव्या फेरीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. दोघांत जोर उरला नव्हता. ठोसा मारताना दोघंही तोल जाऊन एकमेकांवर पडत होते, पंच सोडवत होते, परत तेच. पण एकही माणूस जागेवर बसलेला नव्हता. कारखान्याची सगळी फौज मागच्या रांगांत उभी राहून घसा फाडत होती. शेवटी शेवटी पोरालाच कुठूनतरी हुरूप आला. त्याने डावा, उजवा, परत डावा असे तीन चांगले ठोसे घातले. सुरुंग मागे गेला, दोरांना लागला, तिथून पुढे आला. आणि तो पुढे येत असतानाच घंटा वाजली.

निकाल पोराच्या बाजूने लागला. एका गुणाने. पंचांनी पोराचा हात उंच केला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या दोघांसाठी, पण हात एकाचाच वर होता. दादा खाली मान घालून रिंगच्या पायरीवर बसला होता. हिशेब त्यालाही कळत होता. ताकीद मिळाली नसती तर बरोबरी. गप्प बसून राहिला असता तर सरळ जीत.

कपडे बदलायच्या खोलीत पोरगा आला. तोंड सुजलेलं, अंगावर टॉवेल. दारातच उभा राहिला. "काका, मी उठणार नव्हतो," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"तुम्ही जिंकला होतात." सुरुंगाने सुजलेला हात त्याच्या मानेवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाला, "जा, बर्फ लाव तोंडाला. आणि त्या शिक्षकाला सांग, विश्रांतीचाही सराव घे म्हणावं."

पोरगा गेला. बायको सुरुंगाच्या हातावरच्या पट्ट्या सोडवत होती. गाठ घामाने घट्ट बसली होती, ती दातांनी ओढत होती. मध्येच थांबून तिने त्याच्याकडे बघितलं.

"हरलात की हो," ती म्हणाली.

"हो ना."

"एका गुणाने. तोही स्वतःच्या हाताने घालवलेला."

"हो."

"मग दात काढून हसताय काय?"

सुरुंगाचा ओठ फाटलेला होता, हसताना दुखत होतं, तरी त्याला हसू आवरेना. "अगं, आजवर मी सगळं अर्धवटच हरत आलो. आज पहिल्यांदा पुरता हरलो! शेवटच्या घंटेपर्यंत!"

तिने त्याचा हात आपल्या कपाळाशी धरला आणि ढसाढसा रडली. बराच वेळ रडली. मग नाक पुसून तिने ती गाठ परत दातांत धरली, कारण पट्टी अजून सुटली नव्हती आणि उद्या दोघांचीही सकाळची पाळी होती.